गाडी डावीकडे ओढतेय? अलाइनमेंटच्या आधी हे तपासा

पहिली गाडी घेतली की वर्षभरात एकदा तरी टायरच्या दुकानात हे वाक्य कानावर पडतंच: "साहेब, अलाइनमेंट आऊट आहे, करून टाकू?" अलाइनमेंट म्हणजे चाकं ज्या कोनांत बसलेली असतात ते कोन जुळवणं. समोर स्क्रीनवर लाल आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ आपल्याला कळत नाही, आणि गाडी आधीच रॅम्पवर चढलेली असते, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

मी सेकंडहँड हॅचबॅक घेतली तेव्हा ती किंचित डावीकडे जायची. वर्षभरात तीनदा अलाइनमेंट केलं. तिन्ही वेळा हिरव्या आकड्यांची प्रिंट मिळाली आणि तिन्ही वेळा गाडी डावीकडेच गेली. शेवटी दुसऱ्या गॅरेजमधल्या एका वयस्कर मेस्त्रींनी मशीनकडे न नेता पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलून बसवली आणि म्हणाले, "आता एक चक्कर मारून या." गाडी उजवीकडे जायला लागली! म्हणजे दोष टायरमध्येच होता. अर्ध्या तासाचं काम, आणि मी तीन वेळचे पैसे घालून बसलो होतो.

पुढच्या वर्षी याच गाडीने मला उलट धडा दिला. नवे टायर, गाडी सुतासारखी सरळ, तक्रार करायला जागा नाही. मग एकदा ऑइल बदलायला गाडी पिटवर घेतली आणि खालून पोराने हाक मारली. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत खाल्ली गेली होती. बाहेरून बघितलं तर टायर नवेच वाटत होते.

म्हणून नवख्या माणसाला सगळ्यात आधी हे सांगतो: गाडी ओढते आणि अलाइनमेंट बिघडलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढणाऱ्या कित्येक गाड्यांना अलाइनमेंट नको असतं, आणि सरळ धावणारी एखादी गाडी गुपचूप टायर खात असते.

असं का होतं

अलाइनमेंटमध्ये तीन कोन मोजतात. उभं राहून स्वतःच्या पायांकडे बघा. पंजे आत वळवले तर टो-इन, बाहेर फाकवले तर टो-आऊट. चाकांचंही तसंच. दुसरा कोन कॅम्बर: गाडीकडे समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती कललाय ते. तिसरा कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. गाडीत तेच काम कास्टर करतो.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅक आणि सेडानमध्ये या तिघांपैकी फक्त पुढच्या चाकांचा टो फिरवून जुळवता येतो. स्टेअरिंगच्या टाय रॉडवर आटे असतात, तो रॉड फिरवला की चाकाचा पंजा आत-बाहेर होतो. कॅम्बर आणि कास्टर कारखान्यात ठरून येतात. मागचा अॅक्सल एकसंध बीमचा असेल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याने जोडलेली असतील, तर तिथे जुळवण्यासारखं बहुधा काहीच नसतं.

गंमत अशी की पुढचा टो चुकला तरी गाडी सहसा ओढत नाही. दोन्ही चाकं सारखीच आत किंवा बाहेर वळलेली असतात, एक डावीकडे ढकलतं आणि दुसरं उजवीकडे. गाडी सरळ जाते आणि किंमत टायर मोजतात. हिशोब करून बघा. छोट्या गाडीच्या टायरचा व्यास साधारण 60 सेंटिमीटर. दोन्ही चाकं मिळून टो 3 मिलिमीटरने चुकला, तर 600 ला 3, म्हणजे अर्धा टक्का. प्रत्येक किलोमीटरला दोन्ही टायर मिळून 5 मीटर आडवे घासले जातात. 10,000 किलोमीटर चालवलीत तर 50 किलोमीटर नुसतं घासणं, आणि तेही रस्त्यावर आडवं. आणि ड्रायव्हरला स्टेअरिंगवर काहीही जाणवत नाही.

ओढण्यामागे सहसा दुसरं काही असतं: हवा, टायरची बांधणी, ब्रेक, रस्त्याचा उतार, किंवा दोन बाजूंच्या कॅम्बर-कास्टरमधला फरक. त्यामुळे तपासणी खालच्या क्रमाने करा. पहिल्या चार पायऱ्यांना जवळपास खर्च नाही.

पायरी 1: हवा, आणि तीही थंड टायरमध्ये

सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी चारही टायरची हवा मोजा. किती असावी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. पंक्चरवाल्याने "किती भरू?" असं विचारल्यावर "भर की अंदाजाने" म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याच गाड्या पुढे अलाइनमेंटला लागतात.

पुढच्या दोन टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला झुकू शकते. पेट्रोल पंपावरचे गेज एकमेकांशी क्वचितच जुळतात, म्हणून स्वतःचं एक साधं गेज डिकीत ठेवा. दर वेळी त्याच गेजने मोजलं की डावं-उजवं सारखं आहे एवढं तरी नक्की कळतं. नायट्रोजनसाठी पैसे द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा; साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

पायरी 2: रस्त्याचा उतार

रस्ता सपाट दिसतो, पण नसतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे साधारण 2 ते अडीच टक्के उतार ठेवतात. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे आपला अर्धा रस्ता कायम डावीकडे उतरता. स्टेअरिंग सैल सोडलं तर कोणतीही निरोगी गाडी हळूहळू साइडपट्टीकडे सरकणार. यूटर्न घेऊन परत येताना तपासूनही उपयोग नाही, कारण तिकडूनही तुम्ही डाव्या उतारावरच असता. अमेरिकेतले व्हिडिओ बघून शिकत असाल तर तिथली बाजू उलटी, हे ध्यानात ठेवा.

याचा अर्थ असाही निघतो की गाडी उजवीकडे ओढत असेल तर ती उताराविरुद्ध चढतेय. थोडंसं डावीकडे जाणं मी एकवेळ सोडून देईन, पण उजवीकडचं थोडंसंही सोडणार नाही.

खरी परीक्षा घ्यायची तर मोकळी सपाट जागा हवी. रविवारी सकाळी एमआयडीसीतले रुंद रस्ते किंवा एखादं मोठं मैदान. शेजारी कोणी तरी बसवा, मागे-पुढे काही नाही याची खात्री करा, 40 च्या आसपास वेग ठेवा आणि स्टेअरिंगवरची पकड फक्त सैल करा. हात स्टेअरिंगभोवतीच असू द्या. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर गाडी सरळ आणि दोन्ही कडांना त्या-त्या बाजूला जात असेल, तर गाडी ठीक आहे आणि उतार आपलं काम करतोय. सगळीकडे एकाच बाजूला जात असेल तर पुढे चला. हायवेवर, गर्दीत, किंवा घाटात हा प्रयोग कृपा करून नको.

पायरी 3: कधी ओढते ते नीट बघा

मेस्त्रीला नुसतं "ओढते" म्हणू नका, कधी ओढते ते सांगा.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर ब्रेककडे बघा. एखादा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असेल. पंधरा-वीस मिनिटं चालवून थांबल्यावर एका चाकाजवळ हात नेला (लावू नका, नुसता जवळ न्या) आणि तिथे बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त धग लागली, तर ते चाक ब्रेक धरून चाललंय. हे अलाइनमेंटपेक्षा घाईचं काम आहे. फक्त जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर स्टेअरिंग एका बाजूला खेचलं जात असेल, तर तो पुष्कळ फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांचा स्वभाव आहे.

आणि थरथर? एक्सप्रेसवेवर 80-100 च्या आसपास स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि वेग बदलला की कमी होतं, हे बॅलन्सिंगचं लक्षण. चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही, तिथे शिशाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे लावून ते जुळवतात. दुकानात अलाइनमेंट-बॅलन्सिंग एका दमात म्हणतात म्हणून लोकांना ते एकच काम वाटतं. अलाइनमेंटने थरथर जात नाही आणि बॅलन्सिंगने ओढणं थांबत नाही. ब्रेक मारतानाच स्टेअरिंग थडथडत असेल तर ब्रेकच्या डिस्क तपासा.

पायरी 4: पुढची चाकं अदलून बघा

माझे तीन वेळचे पैसे वाचवू शकली असती ती ही पायरी. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदला आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा. ओढण्याची दिशा बदलली किंवा ओढणं नाहीसं झालं तर दोष टायरचा. दिशा तीच राहिली तर टायर निर्दोष, आता गाडीकडे बघायचं.

टायरच्या बाजूवर बाण आणि रोटेशन असं कोरलं असेल तर तो टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनलेला आहे, त्याची अदलाबदल करू नका. स्वतः करणार असाल तर जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गियरमध्ये, मागच्या चाकांना दगड लावलेले, आणि जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग नको. जमत नसेल तर पंक्चरवाल्याकडे थोडक्यात काम होतं.

पायरी 5: टायर वाचायला शिका

मशीन आजची स्थिती सांगतं, टायर गेल्या काही हजार किलोमीटरची सांगतो. म्हणून माझा जास्त भरवसा टायरवर.

स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, इंजिन बंद करा आणि खाली बसून पुढच्या टायरची नक्षी आतल्या कडेपर्यंत बघा. चाक सरळ असताना आतली कड दिसत नाही, माझी फसगत तिथेच झाली. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक. आता तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. तार किंवा काच नाही ना ते आधी नजरेने बघून घ्या. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडकतो, असं झालं तर टो चुकलाय. ही खूण सगळ्यात लवकर उमटते, नक्षीची खोली कमी झालेली डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी. महिन्यातून एकदा गाडी धुताना हात फिरवायची सवय लावली तर टायर वाचतात.

बाकीच्या खुणाही ओळखून ठेवा. टायर फक्त मधोमध झिजलाय तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या, मध्य शाबूत, तर हवा कमी. एकच कड झिजलीय तर कॅम्बर किंवा टो, इथे अलाइनमेंट तपासायला हवंच. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडलेत तर शॉकअॅब्झॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग नाही.

नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण 7-8 मिलिमीटर असते आणि खाचांमधल्या छोट्या पट्ट्या 1.6 मिलिमीटरवर पृष्ठभागाशी समतल होतात. तिथे टायर कायद्यानेही संपला. मी एका टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी काडी घालून खोली मोजतो. आत आणि बाहेर एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की दुकानाचा रस्ता धरतो. टायर गोटा होईपर्यंत थांबलात तर अलाइनमेंट करून तो टायर परत मिळत नाही.

पायरी 6: स्टेअरिंग सरळ आहे का

गाडी सरळ जातेय, पण स्टेअरिंगवरचं चिन्ह तिरकं दिसतंय, हे तपासायला सगळ्यात सोपं. आधी सरळ होतं आणि एखाद्या खड्ड्यानंतर किंवा गॅरेजच्या कामानंतर तिरकं झालं, तर थेट अलाइनमेंटला जा. टाय रॉड वाकलाय, सरकलाय, किंवा कोणी तरी एकच बाजू फिरवलीय. याउलट गाडी घेतल्यापासून थोडं तिरकं आहे, टायर सारखे झिजताहेत, तर घाई नाही, पुढच्या सर्व्हिसला सांगा.

पायरी 7: सैलपणा

हे मेस्त्रीकडून करून घ्या. गाडी उचलून चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवलं आणि खटखट झाली तर टाय रॉडचं टोक सैल असण्याची शक्यता. वर-खाली धरून हलवल्यावर झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटले असतील तर गाडी स्पीडब्रेकरवर आवाज करते आणि ब्रेक लावताना चाक जागचं सरकतं. अशा गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी काढणं. रॅम्पवर आकडे हिरवे येतील, दुकानाच्या फाटकातून बाहेर पडल्यावर पुन्हा लाल. आधी सैल भाग बदला. जो दुकानदार सैलपणा न तपासता गाडी थेट मशीनवर घेतो, त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही.

मग नक्की कधी करायचं

टाय रॉड, स्टेअरिंग रॅक, लोअर आर्म किंवा पुढचा शॉकअॅब्झॉर्बर बदलला असेल तर विचारच करू नका, त्याच दिवशी करा. एकच कड झिजली, करवतीची धार लागली, स्टेअरिंग अचानक तिरकं झालं, तरी करा. चारही किंवा पुढचे दोन टायर नवे टाकले तर तपासून घेणं शहाणपणाचं. छोट्या गाडीचा एक टायर चार-सहा हजारांचा, त्यापुढे अलाइनमेंटचे काही शे रुपये काही नाहीत.

बॅटरी, ब्रेक पॅड किंवा ऑइल बदललं म्हणून गरज नाही. "पाच हजार झाले ना साहेब" म्हणूनही नाही. मॅन्युअलमध्ये तपासणीचा टप्पा दिलेला असतो तो बघा. पण तुमचा रोजचा रस्ता कसा आहे हेही महत्त्वाचं. महामार्गावर चालणारी गाडी आणि पावसाळ्यात खड्ड्यांतून रोज तीस किलोमीटर जाणारी गाडी एका मापाने मोजता येत नाहीत. मी स्वतः पावसाळा संपला, रस्त्यांची डागडुजी झाली, की दिवाळीच्या सुमारास एकदा तपासून घेतो. जुलैत करून पुढचे तीन महिने खड्ड्यांत घालण्यापेक्षा ते बरं.

मोठा खड्डा बसला तर आधी थांबून टायरच्या बाजूला फुगा आलाय का ते बघा. आला असेल तर स्टेपनी लावा, तो टायर आता कधीही फुटू शकतो. मग रिमची कड चेपलीय का, स्टेअरिंग तिरकं झालंय का, नवा आवाज येतोय का. यातलं काहीच नसेल तर दोन आठवड्यांनी तळहाताची परीक्षा घ्या, तोवर शांत राहा.

दुकानात गेल्यावर

हवा आपल्या समोर भरून घ्या. डिकीतलं जड सामान काढून ठेवा. मशीनमध्ये तुमच्याच गाडीचं मॉडेल निवडलंय का ते स्क्रीनवर बघा. पेट्रोल-डिझेलची, वेगवेगळ्या सालांची मापं वेगळी असू शकतात. पुढची चाकं फिरत्या चकत्यांवर हवीत आणि त्यांच्या पिना काढलेल्या हव्यात. स्टेअरिंग मधोमध आणून लॉक करायला सांगा. आणि कामाआधीचे व नंतरचे, दोन्ही आकडे असलेली प्रिंट मागा. फक्त नंतरची हिरवी प्रिंट काही सांगत नाही. आधीचेच आकडे मर्यादेत होते तर तुम्ही पैसे कशाचे दिले, हे दोन्ही बघितल्याशिवाय कळत नाही.

"कॅम्बरही आऊट आहे, काढून देतो" असं म्हणून हायड्रॉलिक जॅक आणला, तर थांबवा. ज्या गाडीत कॅम्बर जुळवायची सोयच नाही, तिथे तो बिघडला म्हणजे काही तरी वाकलंय किंवा बसलंय. लोखंड उलट बाजूला वाकवून आकडा हिरवा करता येतो, पण वाकलेला भाग आहे तिथेच राहतो. कोणता भाग ते विचारा आणि बदलून घ्या.

ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर असतो, काही मॉडेलमध्ये अलाइनमेंटनंतर तो शून्यावर आणावा लागतो. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांमध्ये कॅमेऱ्याची जुळणीही लागू शकते. तुमच्या गाडीत यातलं काही असेल तर दुकानात ती सोय आहे का हे गाडी रॅम्पवर चढवण्याआधी विचारा.

पैसे देण्याआधी एक चक्कर मारा. स्टेअरिंग तिरकं वाटलं तर तिथूनच वळून परत या. टाय रॉडचे लॉकनट घट्ट केलेत ना, हे पिटमध्ये उतरून पोराला दाखवायला सांगा. प्रिंटच्या मागे किलोमीटर लिहा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या. पुढच्या वेळी कोणी लाल आकडे दाखवले की त्याला आधी ती प्रिंट दाखवता येईल.